करवंद की फालसा: कुंपणाच्या कडेला काय लावावे?

घरालाही काही मिळावे आणि पाखरांचेही भागावे, अशा हेतूने कुंपणालगत देशी फळझुडपांची एखादी ओळ लावायची म्हटले, की पुष्कळदा निवड करवंद आणि फालसा या दोघांत येऊन अडते. मावळातल्या आमच्या जमिनीच्या तुकड्यावर मी दोन्ही लावली आणि दोन्ही आजही उभी आहेत.

फालशाच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. त्याला काटे नाहीत, चीक नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच तो फळाला येतो. फळ नव्या फुटीवर धरत असल्यामुळे दर हिवाळ्यात छाटणी करावी लागते, पण ते काम तासाभराचे आहे. सैंधव घालून केलेल्या फालशाच्या सरबताची सर करवंदाच्या कोणत्याही पेयाला येत नाही, हेही मान्य करायला हवे. करवंदाने मात्र मला पहिल्या मूठभर फळांसाठी पाच वर्षे थांबवले. शिवाय लोणच्यासाठी कच्ची करवंदे चिरायला बसले, की पांढरा चीक बोटांना आणि विळीच्या पात्याला असा धरून बसतो, की साबणाचे काही चालत नाही. आधीच हाताला खोबरेल तेल चोळून घेतले तरच सुटका होते.

तरीही माझ्यापुरता निकाल लागला तो फालशाच्या एका खोडीमुळे. त्याच्या एकाच घोसात एक फळ जांभळे, दोन लालसर आणि बाकीची हिरवी असतात. पिकलेले फळ जेमतेम दिवसभर टिकते, आणि कच्च्याचा घरात काही उपयोग नाही. म्हणजे जे फळ आपल्याला हवे, नेमके तेच बुलबुलालाही हवे असते, आणि तो उजाडायच्या आत हजर असतो. आम्ही शनिवारी पोहोचायचो तेव्हा झाडावर हिरवे दाणे आणि देठ तेवढे उरलेले असायचे. एका उन्हाळ्यात मी जाळे टाकून पाहिले. पुढच्याच खेपेला त्यात एक बुलबुल पाय गुंतून उलटा लोंबकळत होता. नखकात्रीने एकेक दोरा कापून त्याला सोडवले, त्यानंतर जाळे गुंडाळून ठेवले ते कायमचेच. पाखरांसाठी लावलेल्या झाडावरून पाखरांनाच हाकलायचे, हा उद्योग मनाला पटेना.

करवंदाच्या बाबतीत हा तंटाच उद्भवत नाही. एप्रिलमध्ये ती हिरवी, कडक असतात तेव्हा पाखरे त्यांच्याकडे फारशी फिरकत नाहीत, आणि लोणच्याला आपल्याला तीच लागतात. एका सकाळी दोन-तीन किलो उतरवून घेतली, की मे महिन्यात काळी होणारी सगळी खुशाल पाखरांना सोडून देता येतात. नातवंडे आली, की त्यातलीच चार फोडून आतल्या गराच्या रंगावरून ‘कोंबडा’ निघतो की ‘कोंबडी’ ते पाहतात, तेवढाच काय तो आमचा वाटा. काट्यांचा त्रास आहेच, पण त्याच काट्यांमुळे शेळ्या आत शिरत नाहीत, आणि गेल्या वर्षी करवंदाच्या जाळीच्या पोटात बुलबुलाचे घरटे होते, जिथे माझाही हात पोहोचला नसता.

आपण तिथेच राहत असाल आणि रोज सकाळी झाडापाशी जाणे होत असेल, तर फालसा कदाचित अधिक सुख देईल. एखादे झाड तरी जरूर लावावे. सुट्टीपुरते जाणाऱ्याने मात्र ओळ करवंदाचीच धरावी, असे मला वाटते. रोपवाटिकेत करवंद म्हणून पुष्कळदा गुलाबी-पांढऱ्या, मोठ्या फळाची जात मिळते, जिची पाकवून रंगवलेली फळे ‘चेरी’ म्हणून पानात घालतात. लोणच्याला ती चालते, पण डोंगरची चव हवी असेल तर मे महिन्यात आपल्याच भागातल्या जाळीची पिकलेली फळे आणावीत, बिया धुवून सावलीत सुकवाव्यात आणि पहिल्या पावसाबरोबर पिशव्यांत पेराव्यात. पुढच्या वर्षासाठी ठेवलेले बी सहसा उगवत नाही.