किनाऱ्यावरच्या घरासाठी सांगलीतील ताडपत्रीचे दुकान
मार्केट यार्डाजवळील या दुकानात प्रामुख्याने हळद-बेदाण्यासाठी लागणाऱ्या ताडपत्र्या मिळतात. परंतु ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ धडकले, तेव्हापासून श्रीवर्धनच्या बहिणीच्या घरासाठीही मी येथूनच ताडपत्री नेतो. घर समुद्रालगत आहे हे ऐकताच दुकानदारांनी लोखंडी कड्यांचा स्वस्त माल स्वतःहून बाजूला ठेवला, कारण खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते आणि एक कडी तुटली, की वारा आत शिरून संपूर्ण ताडपत्री उचलतो. असा प्रामाणिक सल्ला मला मोलाचा वाटतो. ॲल्युमिनियमची कडी, काठातून ओवलेला नायलॉनचा दोर आणि २५० जीएसएमची (म्हणजे दर चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाची) जाडी यांमुळे किंमत वाढते, पण ती रास्त आहे. कोपऱ्यांना मात्र दुहेरी पट्टी हवी होती.