भोसरीहून शिवाजीनगरला जाऊन केलेला दोन दिवसांचा वर्ग

आमचं भोसरीत फोर्जिंगचं छोटं वर्कशॉप. माल युरोपात जातो, म्हणून तिकडच्या पर्यावरण नियमांचा हा वर्ग लावला. पैसे वसूल झाले.

सगळ्यात भिडलं ते पोलंडचं उदाहरण. 2004 साली देश युरोपीय संघात आला, पण शहरांच्या सांडपाण्याचे नियम पुरते लागू करायला 2015 अखेरपर्यंत मुदत घेतली. बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले: ‘कायदा केला’, ‘कायदा पाळला’. पहिला पटापट भरला. दुसऱ्यात निरीक्षक, प्रयोगशाळा, नगरपालिकेचा पैसा असं एकेक लिहीत गेल्या, आणि मला दापोडीच्या पुलावरून रोज दिसणारी जलपर्णी आठवली. युरोपीय संघात यायला रांगेत असलेले सर्बिया, मॉन्टेनेग्रो आजही याच दुसऱ्या रकान्यात अडकलेत. प्रवेशाच्या वाटाघाटी विषयवार प्रकरणांत होतात; त्यातलं पर्यावरणाचं 27वं प्रकरण मॉन्टेनेग्रोने 2018 मध्ये वाटाघाटींना घेतलं, सर्बियाने 2021 मध्ये.

तक्रार एकच, पण मोठी. युरोपात जाणाऱ्या लोखंड-पोलादासारख्या मालावरच्या कार्बन शुल्काचा भाग शेवटच्या अर्ध्या तासात गुंडाळला. आम्ही कारखानेवाले त्यासाठीच तर आलो होतो! नोट्स इंग्रजीत, त्यात झेरॉक्स पुसट. पुढच्या बॅचला आमच्या सुपरवायझरला पाठवतोय. तोवर मराठी नोट्स नक्की काढा.