फर्लरच्या दोराचं डायनीमा कव्हर : एका हंगामानंतर

ऑक्टोबरात बोट पाण्यात उतरवताना जिबच्या (पुढच्या शिडाच्या) फर्लिंग लाइनसाठी, म्हणजे ते शीड गुंडाळणाऱ्या दोरासाठी, डायनीमा या चिवट कृत्रिम धाग्याचं २ मीटर विणलेलं कव्हर घेतलं. मेअखेर बोट वर काढल्यावर ते उसवून आतला दोर पाहिला. पहिल्याच महिन्यात लिहायला बसलो असतो तर पाच तारे देऊन मोकळा झालो असतो.

बोट २६ फुटी, गेटवेसमोर मुरिंगवर (पाण्यातल्या कायमच्या बोयाला बांधलेली). दोर ८ मिमीचा साधा पॉलिएस्टर. आदल्या हंगामात मांडव्याहून परतताना वायव्येचा वारा चढला, म्हणून जिब अर्धी गुंडाळून वाऱ्यावर चढत होतो. ड्रमजवळ (शिडाच्या तळाशी ज्या रिळावर हा दोर गुंडाळला जातो) दोराची साल फाटली, तिचा गोळा पहिल्या कप्पीत अडकला आणि शीड ना पुढे ना मागे. नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) पालथं पडून चाकूने तो गोळा कापला. त्या दिवशी कव्हर घ्यायचं ठरलं.

कव्हर चिवट आहे, यात वाद नाही. बाहेरून लव आली, पण एकही धागा तुटला नाही. तक्रारी दोन. एक, ते गुळगुळीत असल्याने दोरावरून सरकतं; मेणाच्या दोऱ्याने दोन्ही टोकं शिवली तेव्हा कुठे जागेवर राहिलं. दुसरी मोठी: दोर जाड होतो. शीड पूर्ण उघडलं की दोर ड्रमवर असतो, आणि शेवटचे वेढे ड्रमभोवतीच्या पिंजऱ्याला घासायला लागले. म्हणजे घसट थांबवायला घेतलेल्या वस्तूने नवी घसट आणली! शेवटी निम्मं कापून फक्त घासणाऱ्या जागेपुरतं ठेवलं.

डिसेंबरात लक्षात आलं की लव एकाच बाजूला येतेय. नाळेवर बसून पाहिलं तर दोर ड्रमच्या वरच्या कडेला टेकत होता. पहिली कप्पी मी ड्रमच्या बरोब्बर उंचीला लावली होती, दिसायला अगदी सरळ. पण फोरस्टे, म्हणजे डोलकाठीपासून नाळेपर्यंतची ज्यावर जिब गुंडाळते ती तार, मागे झुकलेला असतो. त्याच्याशी काटकोन साधायचा तर दोर मागे जाताना किंचित खाली उतरायला हवा. कप्पी दोन बोटं खाली घेतली आणि नवी लव येणं जवळपास थांबलं. हे आधी केलं असतं तर कव्हर घेतलंच नसतं कदाचित.

मुरिंगवर आठवडाभर डुलताना दोर एकाच जागी करवतीसारखा घासतो. त्यावर फुकटचा उपाय: शीड गुंडाळल्यावर त्याभोवती शीटचे (शीड ओढून धरायच्या दोराचे) वेढे एका रविवारी दोन, पुढच्या रविवारी तीन. तेवढ्याने घासणारी जागा ड्रमच्या एका वेढ्याइतकी सरकते. शीड उघडताना दोर हातात थोडा ताणूनच सोडायचा, नाहीतर सैल वेढे एकमेकांत रुततात.

कव्हर पुढच्या हंगामातही राहील, दोर मात्र उलटा करून टोकं बदलणार. सध्या तो गोड्या पाण्यात धुऊन बाल्कनीत टांगलाय, आणि घरच्यांनी त्यावर टॉवेल वाळत घातलेत.