निकॉन ३५ एमएम एफ १.८ डीएक्स: दहा महिने वापरल्यानंतर

गेल्या गणेश चवथीच्या आठ दिवस आधी ही लेन्स घेतली, सेकंडहँड, साडेसात हजारांत. आता परत पाऊस लागलाय तर म्हटलं लिहून टाकूया, कारण घेताना मी जे शोधत होते ते कुठेच मिळालं नव्हतं. सगळे विटांच्या भिंतीचा नाहीतर पोरींच्या पापण्यांचा फोटो टाकून शार्पनेस दाखवतात, आणि मला फक्त एवढंच हवं होतं की नळ्यांच्या, म्हणजे कौलांच्या, काळोख्या घरात फ्लॅश न मारता हिने फोटो येतात की नाही.

येतात. बाकीचं सावकाश सांगते. नवख्यांसाठी एवढंच, ही झूम होत नाही, आणि एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं, उजेड जास्त.

माझी बॉडी, म्हणजे कॅमेरा, जुनी, निकॉन डी ५३००, २०१३ सालचं मॉडेल. डी ३००० आणि डी ५००० सिरीजवाल्यांनी एक लक्षात ठेवा, आपल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी ५० एमएम एफ १.८ डी स्वस्तात मिळते म्हणून लोक उचलतात, मग घरी येऊन कळतं की ऑटोफोकसच होत नाही. एएफ-एस लिहिलेलं बघूनच घ्या, तिच्यात मोटर लेन्समध्येच असते. वजन २०० ग्रॅम, गळ्यात आहे असं वाटतच नाही.

माझं माहेर गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे. तिथली न्हाणी म्हणजे घराच्या मागे, चुलीवर पाणी तापवायचं तांब्याचं भाण, वर छपरात एकच काचेचा नळा. सकाळी साडेआठच्या सुमारास त्या नळ्यातून उन्हाचा एक पट्टा खाली येतो आणि धुरामुळे तो अक्षरशः हाताने धरता येईल असा दिसतो. लहानपणी आम्ही त्यात हात घालून बसायचो. कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सने दोन वर्षं प्रयत्न केला, तिला ३५ एमएमवर एफ ४.५ च्या आसपासच जाता येतं, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० करावा लागायचा आणि भाण वाळूने घासल्यासारखं यायचं. ही एफ १.८ ला सहापट जास्त उजेड घेते, त्यामुळे तेच आयएसओ १००० मध्ये भागलं. आई वाकून जाळ सारतेय, पट्टा तिच्या खांद्यावर, भाणाच्या काठावर पोचा आलाय तोही दिसतो. ती आपली ओरडत होती, "अगो, त्या धुंवरांत कसले फोटो काडटा तूं?" फोटो दाखवला तर म्हणाली साडी जुनी आहे, पुसून टाक. नाही पुसला.

आता माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या टांगलेली चौकट. इथे या लेन्सने घाम काढला. माझ्यासारख्या एपीएस-सी (निकॉन त्याला डीएक्स म्हणते), लहान सेन्सरच्या बॉडीवर ही ५२ एमएमसारखी, जास्त जवळचं दाखवते, म्हणजे दोन मीटरवर उभं राहून कॅमेरा उभा धरला तरी जेमतेम १.३ मीटर उंचीचं मावतं. आमची गणपतीची खोली केवढी, त्यात खाली गणपती, वर माटोळी, मागे पाहुणे. पाठ भिंतीला लागली तरी अर्धी माटोळी बाहेरच. शेवटी दार उघडून बाहेर सोप्यावर (ओसरीवर) गेले, खांबाला टेकून दाराच्या चौकटीतूनच काढला, आणि तो सगळ्यात बरा आला. चौकट, चपलांचा ढीग, आत उजेडात गणपती. झूम असती तर मी सोप्यावर गेलेच नसते. पण माटोळीतली नुसती कवंडळं (रानफळं) जवळून काढायला गेले तेव्हा दुसरी गंमत, एक मीटरवरून एफ १.८ ला फक्त सहा सेंटिमीटर जाडीचं फोकसमध्ये राहतं. एक कवंडळ लख्ख, शेजारची सुपारीची शिपटी (घड) धुक्यात. माणसं काढताना एफ २.८ ठेवा, उगाच डोळा शार्प आणि कान गायब असं होतं.

दिवाळीच्या आदल्या नरकासुराच्या रात्री छान चालली, शिगम्यालाही (आमच्याकडची होळी). त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही.

घरी डिचोलीला माझा हट्ट होता पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा. सकाळी भोंपू वाजला की एसीच्या खोलीतून कॅमेरा उचलून बाल्कनीत धावायचं, आणि पहिल्या दिवशी बघते तर सगळं दूध. लेन्सवर वाफ. पुसली, परत आली, तोवर तो सायकलवरून कोपऱ्यापार पोचला. तीन दिवस हेच! थंड काचेला बाहेरची दमट हवा लागली की असं होणारच, कुठल्याही लेन्सचं होईल. आता कॅमेरा रात्री हॉलमध्ये, एसीपासून लांब असतो. चौथ्या दिवशी टोपलीवरचं निळं प्लास्टिक बाजूला करून पोळ्या (गोल पाव) मोजणारे त्याचे हात मिळाले.

फिरायला मात्र ही एकटी नेऊ नका. जानेवारीत आम्ही वास्कोहून रेल्वेने हंपीला गेलो, मी हुशारी करून हीच एक लेन्स घेतली. विठ्ठल मंदिराच्या आवारात मुलाला हौस आली, पन्नासच्या नोटेवर तोच दगडी रथ आहे ना, तर नोट हातात धरून मागे खरा रथ असा फोटो पाहिजे. नोट साठ सेंटिमीटरवर, रथ लांब. एफ ८, एफ ११, एफ १६, सगळं करून बघितलं, नोट शार्प तर रथ पुसट, रथ शार्प तर नोट पुसट. एवढ्या जवळ या सेन्सरवर ते होतच नाही. नवऱ्याने फोन काढला, एका क्लिकमध्ये दोन्ही स्वच्छ, कारण फोनचा सेन्सर चिमुकला. परतीच्या गाडीत हा विषय तीनदा निघाला. आईने भिंतीवर लावायला तोच फोनवाला फोटो मागितला, भाणाचा नाही.

कुरकुर करायचीच तर एक, एफ १.८ ला आभाळासमोर माडाची चुडतं (झावळ्या) काढलीत तर कडांना जांभळट रेघ येते. लेन्सचं छिद्र थोडं बंद केलं की बरीच कमी होते.

आणि गोव्यातल्यांसाठी, बुरशी. माझी किट लेन्स तिनेच गेली, चूक माझीच, चामड्याच्या पिशवीत घालून दोन पावसाळे कपाटात ठेवली होती. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा. साफ करायला एका दुकानात जो भाव सांगितला त्यात दुसरी जुनी किट लेन्स आली असती. आता ही हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रता मीटर घालून ठेवते, आकडा ४० ते ५० च्या मधे राहिला की झालं, वर गेला की जेल तव्यावर हलकं गरम करून परत आत. आज बाहेर धो धो कोसळतोय आणि डब्यात ४७ आहे.

किट लेन्स मुलाला दिलीय. तो ती उलटी धरून बाल्कनीतल्या मुंग्या बघतो.