पद्मिनीच्या काचेचं रबर: पंधरा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या वर्षी जूनमध्ये पहिला मोठा पाऊस आला तेव्हा मी कात्रजच्या बोगद्यातून पुण्याकडे येत होतो. डाव्या पायाला गार लागलं म्हणून खाली पाहिलं, तर क्लचखालची मॅट भिजलेली. घरी येऊन मॅट उचलली. खालचं तागाचं नमदं पिळता येईल इतकं ओलं होतं आणि त्याच्याही खाली दोनच महिन्यांपूर्वी वेल्डिंग करून बसवलेला नवा पत्रा. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझी १९८४ची प्रीमियर पद्मिनी घरच्या पार्किंगमध्ये दुरुस्त करून पुन्हा उभी करण्यात दीड वर्ष गेलं होतं, त्यातले चार महिने एकट्या फ्लोअरच्या पत्र्यात. तो सडला होता याच कारणाने, काचेतून झिरपणाऱ्या पाण्याने.

गाडी बाबांची. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गियर, चारही चाकांना ड्रम ब्रेक हे सगळं वाचणाऱ्यांना माहीतच आहे, त्यात वेळ घालवत नाही. ‘ओरिजिनल टाइप’ म्हणून जे पार्ट आज मिळतात, ते चार हजार दोनशे किलोमीटर चालल्यावर कसे टिकले, एवढंच सांगायचं आहे.

आधी चांगलं सांगतो. किंग पिनचा, म्हणजे पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खिळ्यांचा, सेट उत्तम निघाला. बुश रीम करून बसवले, दर दीड हजार किलोमीटरला ग्रीस मारतो, स्टिअरिंग अजून घट्ट आहे. ब्रेकचे व्हील सिलिंडर चारही नवे घेतले, एकही गळत नाही. बंपर जुनेच ठेवून निकेल-क्रोम करून घेतले. महाग पडले, पण बाजारातल्या नव्या बंपरचा पत्रा हाताने दाबला तरी वाकतो, त्यामुळे पैसे गेल्याचं वाईट वाटत नाही. लोखंड आणि पितळ यांत मला कुठेच फसवणूक दिसली नाही.

रबरात मात्र दिसली.

नाना पेठेतून रबराचा पूर्ण किट घेतला होता, सहा हजार आठशे रुपयांना. पुढची-मागची काच, चार दरवाजे, डिकी, तिकोनी काचा, सगळं त्यात. पुढच्या काचेचं रबर म्हणजे सरळ पट्टी, दोन टोकं सोल्युशनने चिकटवलेली. तो जोड खालच्या डाव्या कोपऱ्यात आला आणि दोन महिन्यांत उघडला. दोन टोकांमध्ये माझं नख जाईल एवढी फट. रबर घेऊन दुकानात गेलो. उत्तर मिळालं, ‘‘साहेब, रबराला गॅरंटी नसते.’’ बिल दाखवलं. ‘‘बिलावर लिहिलंय बघा.’’ खरंच लिहिलं होतं, मागच्या बाजूला. तीनदा गेलो, तिन्ही वेळा हात हलवत परत आलो.

मग ठरवलं की नकली नकोच, कंपनीचाच माल शोधायचा. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली. त्यामुळे जुन्या मेकॅनिकांकडे न विकलेले पार्ट पडून असणार हा माझा हिशोब, आणि तो बरोबर ठरला. कुर्ल्यात, जिथे एके काळी ही गाडी बनायची त्याच भागात, एका वयस्कर मेकॅनिककाकांकडे कंपनीच्या पिशवीतलं, न वापरलेलं रबर सापडलं. अखंड गोल, कुठे जोड नाही. साडेतीन हजार मोजले आणि परतीच्या गाडीत ते मांडीवर घेऊन बसलो.

ते घेताना मात्र काकांनी सांगितलेली एक गोष्ट ऐकून मला दुकानदाराबद्दलचं मत थोडं बदलावं लागलं. पट्टीचं रबर ओढून बसवलं की चार दिवस छान दिसतं, मग ते आपल्या मूळ लांबीवर परत येतं आणि जोड उघडतो. पट्टी नेहमी बोटभर जास्त कापायची, ढकलत ढकलत बसवायची आणि जोड वर मध्यभागी घ्यायचा, कारण पाणी साचतं ते खाली. माझ्या गाडीला ज्याने काच बसवली त्याने रबर ताणलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे दोष निम्मा मालाचा, निम्मा बसवणाऱ्याचा. चिकटवण्याऐवजी जोड व्हल्कनाइझ करून, म्हणजे उष्णतेने एकजीव करून, द्यायला हवा होता, ही तक्रार मात्र माझी कायम आहे.

दुसऱ्या वेळी काच आम्ही घरीच बसवली. रबर काचेला चढवलं, आतल्या ओठात सुतळी फिरवली, साबणाचं पाणी लावलं. बायकोने बाहेरून तळव्याने काच दाबून धरली आणि मी आतून सुतळी हळूहळू ओढत गेलो. ओठ पत्र्यावर एकेक इंच उलटत येतो ते बघण्यासारखं असतं. चाळीस मिनिटांत काच बसली. उरलेला पावसाळाभर थेंब आला नाही. मी ओळखीच्या सगळ्यांना सांगत सुटलो, जुना कंपनीचा मालच घ्या.

हे माझं मत फेब्रुवारीपर्यंत टिकलं. एका रविवारी गाडी पुसताना रबरावर बारीक रेघा दिसल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. अंगठ्याने दाबलं तर भेगा उघडल्या. नंतर नीट समजून घेतलं. रबर पिशवीत पडून असलं तरी म्हातारं होतच असतं. हवेतला ओझोन आणि उष्णता त्याला खातात आणि ताणावर बसवलं की आधीच कडक झालेलं रबर लवकर फाटतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा माल नवा म्हणून घेणं ही चूक होती. लोखंडाचा जुना माल बेलाशक घ्या, रबराचा नको.

दरम्यान दुसरं रबर बोललं. खंबाटकी चढताना पेट्रोलचा वास आला. पूर्वी घाटात गाडी दमली की एसी पंपावर (इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंप) ओला फडका टाकायचा, तेवढंच असेल असं वाटलं. घरी येऊन डिपस्टिक काढली तर ऑइलची पातळी वाढलेली आणि ऑइललाच पेट्रोलचा वास. त्या पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, फुगून फाटला होता आणि पेट्रोल थेट इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये उतरत होतं. अशा ऑइलवर गाडी चालवली तर बेअरिंग जातात. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि जुन्या पद्धतीचा डायफ्राम आणि होजपाइप त्यासाठी बनलेलेच नाहीत. इथे ओरिजिनलचा हट्ट मी पूर्ण सोडला. इथेनॉल सोसणाऱ्या फ्लुओरो रबराचा डायफ्राम आणि त्याच अस्तराचा होज घेतला, ऑइल बदललं. एकूण खर्च दोन हजारांच्या आत. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

त्यातून एक गोष्ट पक्की कळली. दुकानात ‘ओरिजिनल टाइप रबर’ म्हणतात तेव्हा ते आकाराबद्दल बोलतात, कशाचं आहे ते कुणी सांगत नाही. काचेला आणि दरवाज्यांना ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर हवं, ते ऊन-पाऊस सोसतं, पण पेट्रोल लागलं की फुगतं. पेट्रोलच्या वाटेवर नायट्राइल रबर चालायचं, इथेनॉलसाठी त्याहून वरचं. ब्रेकच्या वॉशरांना खनिज तेलाचा हात लागला तरी ते बिघडतात, ते ब्रेक ऑइलनेच धुवायचे. घेताना विचारा, आणि सांगता आलं नाही तर पुढच्या दुकानात जा.

शेवटी एप्रिलमध्ये भोसरी एमआयडीसीतल्या एका एक्स्ट्रूजनवाल्याकडे (साच्यातून दाबून रबराच्या पट्ट्या काढणारा) काकांच्या रबराचा तुकडा नेला. डायचे, म्हणजे पट्टीचा आकार देणाऱ्या तोंडाचे, साडेचार हजार, आणि माल किमान पन्नास मीटर घ्यावा लागेल म्हणाले. एका गाडीच्या दोन्ही काचांना मिळून सात मीटर लागतं. पद्मिनी ठेवणारे सात जण जमवले, डाय आणि माल धरून प्रत्येकाला अठराशे रुपये आले. ईपीडीएम, जोड तिथेच व्हल्कनाइझ करून. क्रोमची पट्टी खाचेत मूळ गाडीसारखी बसली. त्या भारी किटपेक्षा आणि कुर्ल्याच्या रबरापेक्षा हे स्वस्त पडलं, याचा मला आजही रोज आनंद होतो.

परवा ताम्हिणीत तीन तास सलग पावसात गाडी चालवली. घरी येऊन मॅट उचलली, नमद्यात हात घातला. कोरडं. पत्र्यावर बोट फिरवलं, तेही कोरडं.

आता पाणी येतं ते फक्त डाव्या दरवाज्याच्या तिकोनी काचेतून, तासाला दोन-चार थेंब. ते रबर पट्टीचं नाही, साच्यातलं आहे, भोसरीत होत नाही. उजव्या बाजूचं चांगलं आहे, ते उतरवून माप घेऊन ठेवलंय. साचा करणारा कुणी माहीत असेल तर सांगा, डाव्या-उजव्या दोन्हींचे सात सेट घेणारे तयार आहेत.