पहिल्या वर्षाचे वसतिगृह : निवास उत्तम, रात्रीचे जेवण सुधारावे

गोव्यातील सत्तरी तालुक्यातून पणजीला रोज बसने ये-जा करण्यात मुलीचा अर्धा दिवस गेला असता, म्हणून आम्ही तिला पणजीजवळच्या पठारावरील तिच्या शिक्षणसंस्थेच्या आवारातील वसतिगृहात ठेवले. तिचे पहिले वर्ष आता पूर्ण झाले आहे.

येथील सर्वांत स्वागतार्ह गोष्ट म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी असलेली स्वतंत्र इमारत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत, शक्य तेथे नवागतांची सोय वेगळ्या इमारतीत करावी, असे म्हटलेलेच आहे. परंतु येथे त्याच इमारतीत राहणाऱ्या अधीक्षिका पहिले काही आठवडे रात्री प्रत्येक खोलीत स्वतः जाऊन विचारपूस करत, आणि घर प्रथमच सोडलेल्या मुलीला त्याचा किती आधार वाटतो, हे मी तिच्या फोनवरच्या आवाजावरून ओळखत असे. खोल्या दोघींच्या, हवेशीर आणि स्वच्छ आहेत. मात्र पावसाळ्यात कपडे वाळवण्यासाठी छपराखालची एकही जागा नाही, त्यामुळे ओले कपडे खोलीतच दोरीवर टाकावे लागतात आणि आषाढ-श्रावणात कपाटातल्या वह्यांनाही बुरशी धरते.

खाणावळीत सकाळची न्याहारी मनापासून केलेली असते. गरम पाव आणि पातळभाजी, आठवड्यातून एकदा उकड्या तांदळाची पेज आणि सोबत लोणचे. मासेमारीबंदीच्या जून-जुलैमध्ये शिळ्या, गोठवलेल्या मासळीचे हुमण (आमटी) वाढण्याऐवजी सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे खोबरे घातलेली कोशिंबीर, आणि अळसांद्यांचे (चवळीचे) तोंडाक, म्हणजे रस्सा, केले जाते, हा निर्णय मला फार योग्य वाटतो. शाकाहारी मुलींसाठी भांडी आणि वाढपाची जागा वेगळी आहे.

रात्रीच्या जेवणाबद्दल मात्र समाधान नाही. वाढप साडेसातला सुरू होऊन साडेआठला बंद होते, तर प्रयोगशाळेतून किंवा ग्रंथालयातून उशिरा येणाऱ्या मुलींच्या वाट्याला पातळ वरण आणि गार झालेला भात उरतो. परिणामी त्या बिस्किटांवर आणि नूडल्सवर रात्र काढतात. वाढत्या वयातील, दिवसभर अभ्यास करणाऱ्या मुलींच्या बाबतीत ही हेळसांड क्षम्य नाही. जेवण बंद करण्याची वेळ एका तासाने पुढे नेली, किंवा आधी नाव नोंदवणाऱ्या मुलींची ताटे झाकून ठेवली, तरी हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटेल.

खाड्यांचा नियमही पालकांनी प्रवेशाच्या वेळीच लेखी मागून घ्यावा. येथे सलग तीन दिवसांपेक्षा कमी अनुपस्थितीचे पैसे वळते होत नाहीत, त्यामुळे दर शनिवार-रविवार घरी येणाऱ्या गोव्यातील मुलींना न जेवलेल्या जेवणाचेही पैसे भरावे लागतात. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीचे पैसे तेवढे परत मिळाले.

धाकट्या मुलालाही पुढे अशाच व्यवस्थेत ठेवण्यास माझी तयारी आहे, मात्र रात्रीच्या ताटाची हमी मिळाल्यावरच.