मेल ओळखीचा होता, खातं नव्हतं

जळगाव एमआयडीसीत आमचा चटईचा लहानसा कारखाना आहे. प्लास्टिकचा दाणा वितळवायचा, त्याची काडी ओढायची आणि लूमवर विणायची. दाणा नऊ वर्षांपासून दमणच्या एका व्यापाऱ्याकडून येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या दाण्याचे ६,८४,००० रुपये आम्ही आमच्याच हाताने चोराच्या खात्यात भरले. ओटीपी कोणी विचारला नाही, पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल कोणी केला नाही. शेजारच्या दालमिलवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आपण लिंक-बिंक उघडतच नाही भाऊ, आपल्याला काय होतंय." असं समजून बसलेले आणखी असतील, म्हणून सगळं लिहून काढतोय.

सुरुवात काटकसरीपासून झाली. आमच्याकडे आधी फुकटचा मेल होता. मग बाहेरचं गिऱ्हाईक विचारायला लागलं, कंपनीच्या नावाचा पत्ता नाही का? तेव्हा स्वतःचं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं नाव, घेतलं आणि एका मोठ्या क्लाउड मेल सेवेवर टाकलं. तिचं नाव घेत नाही, कारण चूक तिची नव्हती. ह्या सेवांचे पैसे माणशी, दर महिन्याला लागतात. आम्ही चौघं मेल वापरणार, म्हणजे चार खात्यांचे पैसे. मी म्हटलं, कशाला? एकच खातं घ्या, पासवर्ड सगळ्यांना द्या. ऑफिसचा कॉम्प्युटर, माझा मोबाईल, गोडाऊनचा मोबाईल आणि अकाउंट सांभाळणारे नाना, सगळीकडे तेच खातं.

दोन टप्प्यांची पडताळणी सुरुवातीला चालू होती. पण कोड यायचा माझ्या मोबाईलवर आणि मी असायचो कधी रावेरला, कधी सुरतला. नानांचं काम अडायचं. एके दिवशी वैतागून ती मीच बंद करायला सांगितली. क्लाउड मेलची गंमत अशी की मेल तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये नसतोच, तो त्या कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि पासवर्ड असला की कुठूनही उघडतो. आमच्या सोयीचं होतं ते. चोराच्याही.

ऑक्टोबरमध्ये नानांना मेल आला, मेलबॉक्स भरत आलाय, पुन्हा लॉगिन करा. पान हुबेहूब तसंच. नानांनी पासवर्ड टाकला, चुकला म्हणून दाखवलं, पुन्हा टाकला आणि खरा इनबॉक्स उघडला. नानांना वाटलं, पहिल्यांदा बोट चुकलं. ही गोष्ट आम्हाला नंतर, खोदून खोदून विचारल्यावर कळली.

चोराने पाच आठवडे काहीच केलं नाही. नुसतं वाचलं. दमणहून बिल कधी येतं, कोण कोणाला शेठ म्हणतं, पेमेंट कोण करतं, सगळं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर. विधानसभेचा निकाल दुसऱ्या दिवशी लागणार होता आणि एमआयडीसीत कोणाचं लक्ष कामात नव्हतं. दुपारी दमणचा मेल आला. खाली आमचीच जुनी बोलाचाली, तीच सही, तसंच "कैसे हो शेठ". सोबतचं बिलही तेच, फक्त बँकेचा चौकोन वेगळा: ऑडिट चालू आहे, ह्या महिन्यापुरतं ह्या खात्यात टाका. नाना केबिनच्या दारात आले. "भाऊ, खातं बदललंय त्यांचं. टाकू का?" मी फोनवर होतो, कोण कुठून निघतोय ते ऐकत. फोन कानाचा न काढता म्हटलं, "मेल दमणचाच आहे ना? टाका."

नाना तरी हुशार. त्यांनी टाकण्याआधी मेल करून विचारलं की खातं खरंच बदललं का. सात मिनिटांत उत्तर आलं, हो, बदललंय. चोराला विचारलं तर चोर दुसरं काय सांगणार? चार वाजून चाळीस मिनिटांनी आरटीजीएस झालं.

पत्त्यात फरक होता. दमणवाल्यांच्या डोमेनमध्ये इंग्रजी एम आहे. ह्या पत्त्यात एमच्या जागी आर आणि एन शेजारी-शेजारी बसवले होते. आता मी तो पत्ता कागदावर मोठ्या अक्षरात छापून नानांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलाय, तरी हातभर अंतरावरून तो एमच दिसतो. मोबाईलवर तर पत्ता दिसतसुद्धा नाही, फक्त नाव दिसतं.

शनिवार निकालात आणि रविवार सुट्टीत गेला. सोमवारी दमणचा फोन, "शेठ, पेमेंट?" नानांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सरकारी सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, व्यवहाराचा यूटीआर नंबर घेऊन बँकेत पळालो, मग सायबर पोलिसांकडे. आमचे पैसे शुक्रवारी रात्रीच त्या खात्यातून पुढे पाच-सहा खात्यांत फुटले होते. एका खात्यात १,१२,००० रुपये अडकवता आले. पहिल्या तासाभरात १९३० ला कळवलं तर रक्कम वाटेत अडण्याची शक्यता खूप जास्त असते. आम्ही तीन दिवस निवांत होतो.

आणखी एक गोष्ट बँकेत कळली. आरटीजीएसच्या फॉर्मवर आम्ही दमणच्या फर्मचं नाव घातलं होतं, पण पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावर, नाव जुळतं का ते पाहून नाही. पैसे टाकण्याआधी खातेदाराचं खरं नाव दाखवायची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या, असं रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३० डिसेंबर २०२४ ला सांगितलं. आमचे पैसे जाऊन तेव्हा सव्वा महिना झाला होता. आता सोय आहे तर ते नाव वाचत चला, पुढे-पुढे दाबत जाऊ नका.

सोमवारी संध्याकाळी पासवर्ड बदलला आणि वाटलं, दार लागलं. इथेच दुसऱ्यांदा फसणार होतो. ६ डिसेंबरला इंदूरच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला: तुमचं बँक खातं बदललं का? त्याला आमच्या नावाने मेल गेला होता, आमच्या डोमेनमध्ये एक जादा एस घालून. माणूस मुळातच संशयी, म्हणून वाचलो. पण त्याच्याकडून किती येणं आहे, हे चोराला कालपर्यंतचं ठाऊक कसं?

पुतणी पुण्यात कॉम्प्युटरच्या कामात आहे. तिने मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर उघडले. दोन नियम लावलेले होते. पहिला: बिल, पेमेंट, बँक असे शब्द असलेला प्रत्येक मेल परस्पर बाहेरच्या एका पत्त्यावर. दुसरा: दमणच्या खऱ्या पत्त्यावरून येणारं काहीही वाचलेलं दाखवून एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये. पासवर्ड बदलला तरी असे नियम पुसले जात नाहीत. अकरा दिवस आमची पत्रं चोराच्या घरी जातच होती. त्या फोल्डरमध्ये दमणवाल्यांचे खरे मेल पडून होते, २१ तारखेचा सुद्धा, खऱ्या खाते क्रमांकाचा.

"काका, पासवर्डनंतर सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट, मग फिल्टर, फॉरवर्डिंग, जोडलेली अॅप्स, रिकव्हरीचा फोन नंबर, हे सगळं बघायचं असतं," ती म्हणाली. रिकव्हरीचा नंबर आमचं डोमेन लावून देणाऱ्या पोराचा निघाला. बाकी सगळ्यावर ताबा असतो ते अॅडमिनचं खातंही त्याच्याच नावावर. त्याने काही वाईट केलं नाही, पण आमच्या दुकानाची किल्ली पाच वर्षं त्याच्या खिशात होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

मग एक जण डीमार्क नावाचं काहीतरी विकायला आला, म्हणे ह्याने सगळं थांबतं. पुतणीला विचारलं. आपलंच डोमेन लावून कोणी खोटा मेल पाठवला तर डीमार्कने तो अडवता येतो, म्हणून ते करावंच. पण आर-एनची जोडी किंवा जादा एस असलेलं डोमेन चोराचं स्वतःचं असतं, ते ह्याने अडत नाही.

२०१३ ते २०१५ मध्ये लिथुआनियाच्या एका माणसाने तैवानच्या क्वांटा कंपनीच्या नावाची खोटी बिलं पाठवून खुद्द गूगल आणि फेसबुककडून दहा कोटी डॉलरहून जास्त काढले होते. हे वाचल्यावर मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आता चार माणसांची चार खाती आहेत, प्रत्येकाची दोन टप्प्यांची पडताळणी चालू, बाहेर आपोआप फॉरवर्ड होणं अॅडमिनमधूनच बंद. खातं बदलल्याचा मेल आला तर जुन्या डायरीतल्या नंबरवर फोन. बिलावरचा नंबर चालत नाही, आमच्या त्या बिलावर फोन नंबरही बदललेला होता.

नाना म्हणाले, पगारातून कापा. मी नाही म्हटलं, "टाका" कोण म्हणालं होतं? दमणवाल्यांचे पैसे दोन हप्त्यांत पुन्हा भरले. अडकलेले १,१२,००० मिळायला कोर्टाचा आदेश लागतो, वकील अर्ज करतोय.

मध्यंतरी दमणहून पुन्हा मेल आला, खातं बदललंय. नानांनी डायरी काढून फोन लावला आणि शेठकडून नवा क्रमांक एकेक आकडा करून तीनदा वदवून घेतला. खातं ह्या वेळी खरंच बदललं होतं. तिसऱ्यांदा शेठ चिडला. फोन ठेवून नाना म्हणाले, "चिडू द्या, भाऊ."